फाटक बंद, स्टेशन चालू

रस्त्यावरचे रेल्वे फाटक काढून टाकणे आणि त्याच्या आसपास लोकलचे नवे स्टेशन बांधणे ही सरकारी कागदोपत्री दोन स्वतंत्र कामे आहेत. त्यांच्या फायली वेगळ्या, निधी वेगळा आणि रखडण्याची कारणेही वेगळी. जमिनीवर मात्र दोन्ही कामांची गाठ एकाच माणसाशी पडते. हा माणूस रुळांच्या पूर्वेला राहतो. त्याची भाजी, त्याचा डॉक्टर, मुलांची शाळा आणि रेशनचे दुकान पश्चिमेला असते. (तो पश्चिमेला राहत असेल तर हे सगळे पूर्वेला असते.) त्याला पलीकडे जायचे असते आणि सरळ रेषेत जायचे असते. उपनगरी रेल्वेचे स्थापत्य म्हणजे या सरळ रेषेत घातलेले निरनिराळ्या उंचीचे अडथळे, अशी ढोबळ व्याख्या करायला हरकत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा वाटेतली गावे खरोखरच गावे होती. रुळांना आडवे जाणारे रस्ते बैलगाडीचे आणि आगगाड्या दिवसाला मोजक्या. अशा ठिकाणी रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर ठेवून मध्ये एक फाटक टाकणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय होता. पुढच्या दीडशे वर्षांत दोनाचे चार रूळमार्ग झाले, चाराचे सहा झाले, लोकल तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावू लागल्या, बैलगाडीच्या जागी टँकर, डंपर आणि शाळेची बस आली. फाटक होते तिथेच राहिले.

फाटकाचे कामकाज मोठ्या शिस्तीचे असते. गेटमनची खोली एका खाटेला पुरेल एवढी. तीत लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, टेलिफोन, भिंतीवर नियमांचा तक्ता आणि एक लांबट वही. गाडी येणार असली की स्टेशनातून फोन येतो. गेटमन फाटक लावतो आणि लावल्याची खूण म्हणून आपल्याजवळच्या छापील यादीतला एक क्रमांक सांगतो. पलीकडचा तो लिहून घेतो. शिवाय फाटक आणि सिग्नल एकमेकांना जखडलेले असतात. फाटक पूर्ण लागल्याशिवाय सिग्नल मिळत नाही आणि सिग्नल दिलेला असताना फाटक उघडत नाही. ही व्यवस्था निर्दोष आहे, कारण तिच्यात गाडी, सिग्नल, फाटक आणि गेटमन एवढेच घटक धरले आहेत.

पाचवा घटक पाहायचा तर मध्य रेल्वेचे दिवा हे प्रसिद्ध ठिकाण. दिवा हे जंक्शन आहे. कल्याण, पनवेल आणि वसई अशा तीन दिशांना इथून फाटे जातात. धीम्या लोकल, जलद लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या यांची सतत ये-जा असते, आणि गावाचे पूर्व-पश्चिम दोन भाग स्टेशनलगतच्या फाटकाने जोडलेले. फाटक पडले की पहिली रिक्षा नियमाप्रमाणे डाव्या बाजूला उभी राहते. दुसरी तिच्या मागे. तिसऱ्याला घाई असते, म्हणून तो उजवीकडची मोकळी बाजू धरतो आणि दांड्यापर्यंत येऊन पहिल्याच्या शेजारी उभा राहतो. त्याच्या मागे टेम्पो येतो. उरलेल्या फटी मोटरसायकली भरून काढतात. पलीकडच्या बाजूलाही याच वेळात हाच क्रम पुरा होतो. दांडा वर जातो तेव्हा रस्त्याच्या संपूर्ण रुंदीची एक फळी तेवढ्याच रुंदीच्या दुसऱ्या फळीसमोर उभी असते आणि पुढे सरकायला दोघींपैकी कोणालाही जागा नसते. मग गर्दीतून एक स्वयंसेवक प्रकट होतो. हा नेहमी स्वतः पायी असतो. "तू मागे घे, तू थांब, तू काढ" असे करत तो टेम्पोला रुळांपर्यंत आणतो, आणि टेम्पोची मागची चाके रुळांवर असताना समोरचा रिक्षावाला तत्त्वाच्या मुद्द्यावर गाडी मागे घेण्यास नकार देतो.

इकडे गेटमनचा फोन वाजत असतो. दांडा खाली आणावा तर खाली मोटरसायकली. न आणावा तर सिग्नल लाल, सिग्नलमागे एक लोकल, तिच्या मागे दुसरी. दिव्याच्या फाटकात टेम्पो अडकल्याचा परिणाम अशा रीतीने काही मिनिटांत डोंबिवलीला कळतो आणि पुढे कारण माहीत नसलेल्या बदलापूरपर्यंत पोहोचतो. जानेवारी २०१५ मध्ये दिव्यात मोठे रेल रोको झाले. जलद लोकल इथे थांबाव्यात ही तिथली जुनी मागणी. फाटकापायी त्या अधूनमधून थांबतच होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांना अधिकृत थांबा मिळाला.

कोणते फाटक काढून पूल बांधायचा हे ठरवण्यासाठी रेल्वेकडे एक सूत्र आहे. त्याला टीव्हीयू म्हणतात. दिवसभरात फाटकावरून किती आगगाड्या गेल्या आणि रस्त्यावरून किती वाहने गेली, यांचा तो गुणाकार. गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून पूल बांधावा, असा संकेत. यात वाहनांचे मोल ठरलेले आहे. मोटार म्हणजे एक, बैलगाडी म्हणजे एक, टांगा म्हणजे एक आणि रिक्षा म्हणजे अर्धा. ठाणे-कल्याण पट्ट्यात एक दिवस काढलेल्या कोणालाही हे प्रमाण उलटे वाटेल; पण रिक्षा अर्ध्या जागेत शिरते, ही गोष्ट सूत्रकर्त्यांच्या लक्षात आली असावी. पायी माणूस या हिशेबात धरलेलाच नाही. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, सायकल तिरकी करून दांड्याखालून काढणारा दूधवाला, बापाचे बोट धरलेले पोर असे हजारोंनी गेले तरी गुणाकारात एकाचीही भर पडत नाही.

सूत्राची आणखी एक गंमत अशी, की रोज ५०० गाड्या धावणाऱ्या मार्गावर केवळ २०० वाहनांत लाख भरतो. म्हणजे मुंबईच्या लोकलमार्गांवरचे गजबजलेले फाटक पुलासाठी केव्हाच पात्र झालेले असते. पात्रता ही एक गोष्ट आणि पूल ही दुसरी. देशात ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपवण्यात आली. माळरानावर फाटक काढायला गेल्यास विरोध करायला फारसे कोणी नसते. जिथे माणसे आहेत तिथले काम कठीण, कारण तिथे ती राहतात.

फाटक काढायचे तीन मार्ग आहेत. रस्ता वरून न्यायचा, रस्ता खालून न्यायचा किंवा रूळच उचलायचे.

पहिला मार्ग सर्वांत लोकप्रिय, कारण तो दुरून दिसतो आणि त्याच्यावर फलक लावता येतो. त्याची अडचण भूमितीची आहे. लोकलच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असते. तिच्या वर मोकळी जागा, त्याच्या वर पुलाचा गर्डर, त्याच्या वर रस्ता. हा रस्ता रुळांपासून सुमारे आठ मीटरवर जातो. वाहनांना झेपेल असा, म्हणजे तीसास एक असा चढ धरला तर आठ मीटर चढायला २४० मीटर लागतात. आता कोणत्याही जुन्या उपनगरात फाटकापासून २४० मीटर मोजत जावे. वाटेत बाजार लागतो, देऊळ लागते, दोन सोसायट्या, एक शाळा, एक नाला आणि निदान एक तरी अशी इमारत लागते, जिचा खटला न्यायालयात आहे. त्यामुळे इकडचे पूल सरळ चढत नाहीत. ते जिथे जागा मिळाली तिथून सुरू होतात, वळतात, पुन्हा वळतात आणि ज्या रस्त्याला मिळायचे ठरले होते त्याच्या शेजारच्या रस्त्यावर उतरतात. यात वर्षे जातात. विक्रोळीचा पूल २०१८ मध्ये सुरू होऊन जून २०२५ मध्ये खुला झाला, तोही उद्घाटनाच्या समारंभाशिवाय. हा दुसरा भाग स्थापत्यापेक्षा महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात नोंदवण्यासारखा आहे.

शिवाय पूल एक असला तरी तो बांधणारे दोन. रुळांवरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीत, दोन्हीकडचे चढ महापालिकेच्या किंवा राज्याच्या. रेल्वेचे गर्डर शनिवारी मध्यरात्री ब्लॉक घेऊन चढवतात, महापालिकेचे काम वाहतूक पोलिसांची परवानगी मिळेल तेव्हा. दोघांनी एकाच उंचीवर भेटावे एवढीच अपेक्षा असते. अंधेरीचा गोखले पूल नव्याने बांधताना रेल्वेच्या बदललेल्या नियमांमुळे रुळांवरची उंची वाढली. शेजारचा बर्फीवाला पूल, ज्याने त्याला येऊन मिळायचे, तो जुन्याच उंचीवर उभा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोखले पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा दोघांमध्ये दीड मीटरच्या आसपास फरक निघाला. लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी वेगवेगळा मुहूर्त धरावा तसा हा प्रकार. शेवटी बर्फीवाला पुलाला जॅक लावून वर उचलले आणि जुलैत दोन्ही जोडले गेले. पूल पाडून पुन्हा बांधण्यापेक्षा उचलणे स्वस्त पडते, ही माहिती या निमित्ताने सर्वसामान्यांना झाली.

दुसरा मार्ग भुयाराचा. पायी माणसासाठी तो आदर्श: तारेच्या वरून जाण्यासाठी सात मीटर चढण्यापेक्षा रुळांच्या खाली तीन मीटर उतरणे केव्हाही सोपे. पण कोकणपट्टीत जमिनीत केलेल्या प्रत्येक खड्ड्याला जून ते सप्टेंबर एकच काम असते. अंधेरीच्या सब-वेत पाणी भरले की पावसाळा सुरू झाला, असे मुंबईकर मानतात; हवामान खात्याचा अंदाज त्यानंतर येतो. पंप बसवलेले असतात. पंपाने पाणी बाहेर काढायचे ते कुठे सोडायचे, हा प्रश्न भरतीच्या वेळी नव्याने उभा राहतो.

तिसरा मार्ग पैसेवाल्यांचा. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात २०१५ पासून फाटके काढण्यासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा काम करते आहे. सुरुवातीचे उद्दिष्ट ५० फाटकांचे होते. ते वाढत वाढत ११० वर गेले, मुदत २०३०. उद्दिष्ट वाढण्याचा हा प्रकार इकडच्या वाचकाला ओळखीचा वाटेल, फरक एवढाच की तिथे कामही वाढले. कॉलफील्ड ते डँडेनाँग या टप्प्यात रस्त्याला हात न लावता रूळच खांबांवर चढवले, नऊ फाटके गेली आणि पाच स्टेशने २०१८ मध्ये नव्याने उभी राहिली. रस्ता होता तसा सरळ राहिला, पायी माणूस खांबांमधून चालू लागला. स्थानिकांनी मात्र आधी जोरदार विरोध केला होता. उंचावरून जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशांना आपले परसदार दिसेल, ही त्यांची एक मोठी तक्रार. लोकलच्या खिडकीतून कोणाच्या ओट्यावर कुकर चढलाय हे पाहत वाढलेल्या मुंबईकराला या तक्रारीचे गांभीर्य कळायला वेळ लागतो.

पूल झाला, फाटक कायमचे बंद झाले, जुन्या रस्त्याच्या तोंडाशी भिंत उभी राहिली. वाहनांचा प्रश्न मिटला. आता गुणाकारात न धरलेला माणूस शिल्लक राहतो. त्याला पंधरा-वीस मीटरचे रूळ ओलांडायचे आहेत. वाहनांच्या पुलावरून गेला तर पाचशे मीटर चालणे आणि सोबतीला मागून हॉर्न. म्हणून त्याच्यासाठी पादचारी पूल बांधतात. सात मीटर उंची, पंधरा सेंटिमीटरची एक पायरी. चढताना पंचेचाळीसच्या वर पायऱ्या आणि उतरताना तेवढ्याच. जिन्याऐवजी उतार करावा तर नियमाप्रमाणे तो बारास एक हवा. सात मीटरला ८४ मीटरचा उतार, अधूनमधून विसाव्याच्या जागा. हा उतार मागे-पुढे घड्या घालत जातो आणि त्याच्यावर चालणारा माणूस तीन वेळा स्टेशनकडे पाठ करतो. सरकता जिनाही बसवतात. तो वर जाणारा असतो. गुडघेदुखीच्या माणसाला उतरणे अधिक अवघड जाते, हे डॉक्टरांना ठाऊक असले तरी निविदेत येत नाही.

नव्या स्टेशनाची गरज इथेच दिसू लागते. एवढा पूल बांधायचाच, तर त्याच्या खाली दोन फलाट का नकोत? मागणीचे अर्ज निघतात, सह्यांच्या मोहिमा होतात. जवळच्या दोन स्टेशनांतले अंतर, आसपासची लोकसंख्या, फलाटाला लागणारी सरळ आणि सपाट जमीन असे सगळे तपासले जाते. सरळ, सपाट आणि रिकामी जमीन मुंबईच्या परिसरात फक्त सरकारच्या दुसऱ्या खात्याकडे असते. ठाणे आणि मुलुंड यांच्यामधल्या नव्या स्टेशनासाठी ती मिळाली मनोरुग्णालयाची. ठाण्याच्या या रुग्णालयावरचे विनोद चार पिढ्या जुने आहेत. सकाळी ८:२७च्या जलद लोकलमध्ये शिरू पाहणाऱ्यांची रांग आता त्याच आवारात लागणार, यावर नवीन विनोद करण्याची गरज उरलेली नाही. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली हे नवे स्टेशनही ठरले आहे.

नव्या स्टेशनाला विरोध करणारा एक वर्ग नेहमी असतो आणि तो गाडीत आधीपासून बसलेला असतो. एक थांबा वाढला की त्याची दोन मिनिटे जातात आणि दारात पन्नास माणसे वाढतात. हाच माणूस पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या स्टेशनासाठी रुळांवर बसला होता, याची त्याला आठवण करून देण्यात अर्थ नसतो. उभ्याने जाण्यापेक्षा आधी उलट दिशेने दोन स्टेशने मागे जाऊन बसून येणारे जे चतुर लोक आहेत, ते मात्र नव्या स्टेशनाचे स्वागत करतात. त्यांना मागे जायला एक ठिकाण वाढते.

आराखड्याचा पहिला आकडा फलाटाचा. बारा डब्यांच्या लोकलला सुमारे पावणेतीनशे मीटर लागतात, पंधरा डब्यांना आणखी साठ-सत्तर. उंची पूर्वी ८४० मिलिमीटरपर्यंत असे. फलाट आणि डबा यांतल्या पोकळीत होणाऱ्या अपघातांवर उच्च न्यायालयापर्यंत चर्चा झाली आणि आता ९०० मिलिमीटरचा फलाट बांधतात. या साठ मिलिमीटरांनी किती पाय वाचले याचा अंदाज फलाटावर पाच मिनिटे उभे राहिले तरी येतो. त्यानंतर छप्पर. ते फलाटाच्या मध्यावर आधी घालतात आणि दोन्ही टोके पुढच्या टप्प्यासाठी ठेवतात. पावसाळ्यात पहिले तीन आणि शेवटचे तीन डबे कोणासमोर येतात हे यावरून ठरते.

खरी कसोटी जिन्याच्या जागेची. आराखडा करणारा असे धरून चालतो, की प्रवासी फलाटभर सारखे पसरतात. ते तसे पसरत नाहीत. डोंबिवलीला चढणारा माणूस दादरच्या कोणत्या पुलाने बाहेर पडायचे हे डोळ्यांसमोर ठेवून उभा राहतो; त्याची जागा डब्याच्या नव्हे, दरवाजाच्या हिशेबात पक्की असते. म्हणजे एका स्टेशनातला जिना कुठे आहे यावर जवळजवळ चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या स्टेशनातली गर्दी कुठे होणार हे ठरते. नव्या स्टेशनात जिना फलाटाच्या एका टोकाला काढला, की वर्षभरात लोकलचा तो डबा सर्व मार्गभर भरून वाहू लागतो आणि बाकीच्या डब्यांत पाय ठेवायला जागा असते. अशी जागा आहे हे जिन्यासमोरच्या डब्यात चढणाऱ्यांना माहीत असते. ते तरीही तिथेच चढतात, कारण उतरल्यावर चाळीस सेकंद वाचतात.

पादचारी पूल स्टेशनच्याच मालकीचा झाला की दुसरा पेच पडतो. जुन्या फाटकाचा माणूस आणि तिकीट काढलेला प्रवासी एकाच जिन्याने चढतात. कायद्याने पहिल्याला फलाटावर येण्यासाठी निदान प्लॅटफॉर्म तिकीट हवे. पुलाच्या पायथ्याशी उभा असलेला टीसी दोन जुड्या मेथी घेऊन उतरणाऱ्या गृहस्थाला तिकीट विचारतो. गृहस्थ म्हणतो, "अहो, मी गाडीने नाही आलो, मी समोर राहतो." हा युक्तिवाद खरा असतो आणि चालत नाही. यावर उपाय म्हणून रेल्वेच्या पुलाला समांतर महापालिकेचा दुसरा पूल बांधतात. दोन्हींमध्ये कधी कधी हात लांबवून टाळी देता येईल एवढेच अंतर असते. मोकळा पूल कोणता राहील हे रिक्षाचा स्टँड कुठे लागतो यावर अवलंबून, आणि स्टँड स्टेशनच्या उद्घाटनाच्या कितीतरी आधी लागलेला असतो. त्याच्या जागेची निवड कोणत्याही सल्लागार कंपनीने केलेली नसते. तरी ती चुकत नाही.

हे सगळे टाळता येते हे सिडकोने नवी मुंबईत दाखवून दिले. तिथे आधी आराखडा झाला, मग रूळ आले आणि बहुतेक माणसे सर्वांत शेवटी. मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये धावू लागली. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोचा होता, आणि वाशीसारखी स्टेशने डोक्यावर कार्यालयांच्या इमारती घेऊन उभी राहिली. रस्ते रुळांच्या खालून किंवा वरून आधीच काढलेले असल्याने फाटकाचा प्रश्न उद्भवलाच नाही. सुरुवातीची काही वर्षे या भव्य दालनांत प्रवाशांपेक्षा खांबांची संख्या जास्त भरत असावी. जुन्या उपनगरातून तिथे राहायला गेलेल्या माणसाला प्रथम चुकल्यासारखे होई. एवढ्या रुंद जिन्यावर कोणाचाच धक्का लागत नसे.

बांधकाम संपल्यावर परवानगीचा टप्पा. नवा मार्ग किंवा स्टेशन प्रवाशांसाठी उघडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. रेल्वेच्या कामाची तपासणी रेल्वेनेच करू नये, या तत्त्वाने हे आयुक्त दुसऱ्या मंत्रालयाखाली ठेवले आहेत. ते मंत्रालय नागरी विमान वाहतुकीचे. लोकलच्या फलाटाची कड, जिन्याचा कठडा आणि सिग्नलची जागा यांना आकाशाच्या कारभाराची संमती मिळाली की स्टेशन तयार झाले असे समजतात.

तयार होणे आणि सुरू होणे यांत पुन्हा अंतर असते. ठाणे-वाशी मार्गावरचे दिघा गाव स्टेशन बांधून झाल्यावर काही महिने तसेच उभे होते. इंडिकेटर, पंखे, बाके सगळे जागेवर, आणि लोकल समोरून न थांबता जात. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अटल सेतूबरोबर त्याचेही उद्घाटन झाले. नावाची भानगड निराळी. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामधले स्टेशन बरीच वर्षे ओशिवरा म्हणून ओळखले जाई. २२ डिसेंबर २०१६ रोजी ते राम मंदिर या नावाने सुरू झाले, आणि श्रेय कोणाचे यावरून तेव्हा एकत्र सत्तेत असलेल्या दोन पक्षांच्या कार्यकर्त्यांनी फलाटावरच एकमेकांविरुद्ध घोषणा दिल्या. पहिल्या दिवशीच्या गर्दीत प्रवासी किती होते हे त्यामुळे सांगता येत नाही.

आराखड्यातली शेवटची बाब संरक्षक भिंतीची. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. तशी पाटी भिंतीवर असते. पाटीने माणूस थांबत नाही, हे ओळखून वडाळ्याला २००९-१० च्या सुमारास वेगळा प्रयोग झाला. मुंबईतल्या फायनलमाइल या संस्थेने रेल्वेच्या मदतीने तिथे रुळांखालचे काही स्लीपर पिवळेधमक रंगवले. मोठी वस्तू अंगावर येताना तिचा वेग माणसाला खरा आहे त्यापेक्षा कमी वाटतो. पिवळे पट्टे भराभर झाकले जाताना दिसले की तो उमगतो. गाडीने एका लांब शिट्टीऐवजी दोन छोट्या शिट्ट्या द्यायच्या असे ठरले. कलमांच्या पाटीऐवजी गाडी अंगावर येताना किंचाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. तिथले मृत्यू चांगलेच घटल्याचे सांगण्यात आले. भिंत, कायदा आणि दंड यांना जे जमले नाही ते रंगाच्या डब्याने केले, म्हणून या प्रयोगाची चर्चा परदेशातही झाली. लोक रूळ ओलांडत राहिले. जरा बघून ओलांडू लागले.

भिंत पूर्ण झाल्यावर साधारण पहिल्या पावसाळ्याच्या आत तिच्यात भगदाड पडते. ते कोणी पाडले हे कधीच कळत नाही. सुरुवातीला ते आडवे होऊन शिरणाऱ्या माणसाच्या मापाचे असते. दोन महिन्यांत डोक्यावरची पाटी न उतरवता कोळणीला जाता येईल एवढे उंच होते. जागा नेहमी जुन्या फाटकाच्या रेषेतली. रेल्वे ते विटांनी बुजवते. आठवड्याभरात चार हातांवर दुसरे पडते, ते बुजवल्यावर पहिल्याच्या विटा निघतात. असे काही वर्षे चालल्यानंतर वर्तमानपत्रांत बातमी येते, खासदार पाहणी करतात आणि त्या ठिकाणी एक पादचारी पूल मंजूर होतो. पूल नेमका कुठे हवा हे ठरवण्यासाठी एक कर्मचारी भगदाडाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद करतो, आणि पायी माणसाची सरकारदरबारी नोंद होण्याची ही पहिली वेळ असते. नकाशावर जिन्याची पहिली पायरी भगदाडासमोर येते. पुढच्या महिन्यात कंत्राटदाराचे सामान आत नेण्यासाठी भगदाड अधिकृतपणे थोडे रुंद करण्यात येते.